पंचमीची भरती कुठे गेली?

दुपारचे साडेतीन वाजले होते, आणि आमच्या खाडीत पाणी नव्हतं.

हे वाचून तुम्हाला काहीच वाटणार नाही. तुम्ही म्हणाल, ओहोटी असेल. पण आमच्या खारमोरणे गावातलं शेंबडं पोरही तुम्हाला सांगेल, की त्या दिवशी वैशाख शुद्ध पंचमी होती आणि पंचमीला दुपारी पावणेचारला भरती पुरी होते. हिशोब सोपा आहे. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल तितक्या वाजता पाणी शिगेला. समुद्राचं पाणी चंद्राच्या ओढीनं चढतं, आणि चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे पाऊण तास उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज पाऊण तास पुढे सरकते. पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे साडेतीनला खाडी काठोकाठ भरलेली हवी होती. आणि तिथे नुसता काळा चिखल पसरला होता. आमच्या तेवीस होड्या त्यात कुशीवर पडल्या होत्या.

मी हर्षाली हिराजी चोगले, इयत्ता सातवी. मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. गावात सगळ्यांना ते माहीत आहे आणि मलाही त्याचं फारसं वाईट वाटत नाही. त्या दिवशी मी निवाऱ्याच्या जाड काचेच्या झरोक्याला नाक लावून बसले होते. माझे हातपाय गार पडले होते, कारण बाहेर वादळ होतं आणि खाडी रिकामी होती, आणि या दोन गोष्टींचा मेळ मला लागत नव्हता.

निवारा म्हणजे वादळात सगळ्या गावानं जाऊन बसायची इमारत. टेकडीच्या उतारावर, जाड खांबांवर उभी आहे. खाडीपासून तिथपर्यंत चाळीस पायऱ्या आहेत. माझे आजोबा, म्हणजे आबा, लहान असताना असं वादळ कधीमधी यायचं. आता दरवर्षी दोन-तीन येतात, आणि कधी येतील याचा नेम नाही. समुद्र आता पूर्वीपेक्षा तापलेला असतो. गरम समुद्रातून वाफ वर जाते आणि त्या वाफेवरच वादळ पोसलं जातं. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारायला, म्हणजे पावसाळ्यासाठी माडाच्या झापांनी झाकून ठेवायला, अजून पंधरा दिवस होते. त्याआधीच वादळानं गाठलं. म्हणून होड्या खाडीतच बांधून सगळे वर आले होते.

तीन तास वारा ओरडत होता. मी 'ओरडत' असं लिहिते, कारण दुसरा शब्द मला सुचत नाही. छपराला पत्रे नव्हते, सगळं सिमेंटचं होतं, तरी भिंती थरथरत होत्या आणि ते थरथरणं माझ्या दातांना कळत होतं. लहान पोरं रडून रडून गप्प झाली होती. आई कोणाच्या तरी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, आणि बा दाराशी उभा होता, कारण त्याच्यानं बसवत नव्हतं. त्याची होडी खाली होती.

माझ्या शेजारी चिंबोरी होती. चिंबोरी म्हणजे खेकडा, पण ही आमची चिंबोरी यंत्र आहे. सहा पाय, दोन नांग्या, आणि पाठीवर शेवाळ. हवामान केंद्रानं ती गावाला दिली. एरवी ती खाडीच्या तळाशी चालत पाणी मोजते. समुद्रात दूरवर तिचे तीन खुंट रोवलेले आहेत, तेही तिला पाण्याची आणि वाऱ्याची खबर देतात. ती बोलते, पण हळू. त्याला कारण आहे. मागच्या वर्षी तिनं दोनदा वादळाचा इशारा दिला आणि दोन्ही वेळा वादळ वळून दुसरीकडे गेलं. दुसऱ्या वेळी तर गावात एका मुलीची हळद चालू होती. पंचायतीनं ठराव केला आणि तिचा भोंगा काढून घेतला. तेव्हापासून तिच्या पोटातला बारका आवाज तेवढा उरला, दोन हातांवरच्या माणसाला ऐकू जाईल एवढा. आणि तिच्यापासून दोन हातांवर मुद्दाम बसणारी गावात मी एकटीच होते. भित्र्या माणसाला खूप प्रश्न पडतात, आणि चिंबोरी कधी वैतागत नाही.

मी तिला विचारलं, की भरतीची वेळ झाली तरी पाणी का नाही.

तिनं मला परात आणायला सांगितली. खिचडीसाठी आणलेली एक परात कोपऱ्यात होती. मी तिच्यात जेमतेम बोटभर पाणी घातलं. चिंबोरी म्हणाली, की एक पुठ्ठा घे आणि परातीच्या एका कडेकडून पाण्यावर जोरात वारा घाल, थांबू नकोस. मी घातला. माझ्या बाजूचं पाणी हळूहळू खाली गेलं, आणि पलीकडच्या कडेला चढलं. माझ्या बाजूचा परातीचा तळ ओला चकचकीत दिसायला लागला.

"तुझ्या बाजूला आपली खाडी," चिंबोरी म्हणाली. "पलीकडे समुद्र. आत्ता वारा कुठून येतोय?"

मी विचार केला. सकाळपासून वारा टेकडीच्या मागून येत होता, आग्नेयेकडून. म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे. म्हणजे तो आमच्या खाडीतलं पाणी बाहेर ढकलत होता. चंद्र पाणी आत ओढत होता आणि वारा ते दाराबाहेर थोपवून धरत होता, आणि वारा जिंकत होता. भरती झाली नव्हती असं नाही. भरतीला आत येऊ दिलं नव्हतं.

एक क्षण मला फार बरं वाटलं. कोडं सुटलं की तसं वाटतं. मग माझ्या लक्षात आलं, की माझा हात दुखायला लागलाय आणि मी पुठ्ठा हलवायचा थांबवलाय. परातीतलं पाणी पलीकडून सरकत परत आलं, माझ्या कडेवर आपटलं आणि माझ्या परकरावर सांडलं.

आणि त्याच वेळी बाहेरचा वारा थांबला.

तो कमी कमी होत गेला नाही. दहा मिनिटांत थांबलाच. तीन तासांच्या त्या आवाजानंतर इतकं शांत झालं, की मला आपले कान गेले असं वाटलं. झरोक्यातून उजेड आला. कोणीतरी दार उघडलं, तर बाहेर चक्क ऊन पडलं होतं आणि वर निळं आकाश होतं. लोक एकमेकांकडे बघून हसायला लागले. एका म्हातारीनं देवीच्या नावानं हात जोडले. पोरं पायऱ्यांवर धावली.

बा आणि आणखी सहा जण लगेच खाली जायला निघाले. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. होडी चिखलात कुशीवर पडली असताना पाणी आलं, तर ती उठण्याआधीच भरते आणि बुडते. चिखल आहे तोवर होड्या सरळ करायच्या, दोरखंड ढिले करायचे आणि नांगर वरच्या बाजूला रोवून यायचं. पण त्याआधी त्यांनी आबांना विचारलं. आबा म्हणजे बाचे वडील, पोशा तांडेल. चाळीस वर्षं त्यांनी होडी चालवली. भरती-ओहोटीच्या बाबतीत गावात आबांचा शब्द शेवटचा.

आबांनी घड्याळ बघितलं. चारला दहा कमी होते. त्यांनी बोटांवर पाऊणपट केली, जी करायची खरं तर गरज नव्हती, आणि म्हणाले, "पावनेचार टळले. भरतीची येल गेली. आता पानी चढनार नाय, उतरनारच. जावा."

आणि सात माणसं चाळीस पायऱ्या उतरून चिखलात गेली. होड्या खाडीच्या पार मध्यावर होत्या. निवाऱ्यावरून माणसं बोटाएवढी दिसत होती.

मी चिंबोरीला विचारलं, की वादळ संपलं का. ती म्हणाली, "नाही. अर्धं झालं. आपण त्याच्या डोळ्यात आहोत."

 मी तिला म्हटलं, लवकर सांग, आणि मला समजेल असं सांग.

तिनं सांगितलं ते असं. चक्रीवादळ म्हणजे गोल गोल फिरणारा वारा. दोन मुली फुगडी घालतात तेव्हा वेग वाढला की त्या बाहेर फेकल्यासारख्या होतात, मधल्या जागेत कोणी येऊ शकत नाही. तसाच हा वारा इतक्या वेगानं फिरतो, की त्याला अगदी मधोमध पोचताच येत नाही. मधे एक मोकळी जागा उरते. तिथे वारा नसतो, पाऊस नसतो, कधी कधी ऊनही पडतं. या जागेला वादळाचा डोळा (चक्रीवादळाच्या मध्यभागचा शांत गोल भाग) म्हणतात. डोळ्याच्या भोवतीनं वाऱ्याची भिंत असते, आणि सगळ्यात भयंकर वारा त्या भिंतीतच असतो. भिंतीची एक बाजू आमच्यावरून गेली होती. दुसरी यायची होती.

मी माझी बांगडी काढून जमिनीवर ठेवली. मला बघून समजतं, ऐकून नाही. खडूनं एक उभी रेघ ओढली, तो किनारा. डावीकडे समुद्र, उजवीकडे जमीन, आणि रेघेवर एक ठिपका, ते खारमोरणे. चिंबोरी म्हणाली, की आपल्याकडे वादळाचा वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. मी बांगडीवरून बोट तसं उलट फिरवत, बांगडी डाव्या खालच्या कोपऱ्यातून ठिपक्याकडे सरकवत नेली. आधी बांगडीची पुढची कड ठिपक्यावर आली. तिथे माझं बोट जमिनीकडून समुद्राकडे चाललं होतं. तोच सकाळचा वारा. मग ठिपका बांगडीच्या मधल्या रिकाम्या जागेत आला. तो आत्ताचा निवांतपणा. मग मागची कड ठिपक्यावर आली.

तिथे माझं बोट समुद्राकडून जमिनीकडे चाललं होतं.

वारा उलटणार होता. तीन तास पाणी बाहेर ढकलणारा वारा आता तेवढ्याच जोरानं पाणी आत ढकलणार होता. आणि बाहेर पाणी थोडं नव्हतं. चंद्रानं ओढलेली आख्खी पंचमीची भरती दाराबाहेर तिष्ठत होती. त्यात आणखी एक गोष्ट चिंबोरीनं सांगितली. आपल्या डोक्यावर हवेचं ओझं असतं, त्याला हवेचा दाब म्हणतात. वादळाच्या मध्यभागी हे ओझं हलकं होतं. गादीवर बसलेलं माणूस उठलं की गादी वर येते, तसा तिथे समुद्र अर्धा मीटर वर उचलला जातो. चंद्राची भरती, वर उचललेला समुद्र आणि मागून रेटणारा वारा, हे तिन्ही मिळून वादळी उधाण (वादळामुळे पाणी फुगून जमिनीवर चढणं) येतं.

"बाहेरच्या खुंटावर पाणी तीन मीटर चढलंय," चिंबोरी म्हणाली. "डोळा आणखी वीस मिनिटं राहील. वारा थांबला तेव्हाच मी हे दारातल्या लोकांना सांगून आले. कोणी ऐकलं नाही."

मी बाहेर पाहिलं. सातही माणसं बाच्या होडीला खांदा लावून तिला सरळ करत होती. चिखलावर कुठे कुठे पातळ पाणी चमकायला लागलं होतं. अजून घोट्याएवढंही नव्हतं.

मला सांगायला लाज वाटते, पण मी लगेच उठले नाही. आबांना सांगायची मला भीती वाटत होती. वादळाची वेगळी, आणि ही वेगळी. सगळ्या गावासमोर मी आबांना सांगायचं की तुमचं चुकलं, आणि तेही कोणाच्या जोरावर, तर भोंगा काढून घेतलेल्या एका यंत्राच्या? ते चिडले असते तर? आणि चिंबोरीचं तिसऱ्यांदाही चुकलं असतं तर? मी तशीच बसले होते. मग बा होडीखाली वाकलेला दिसला, आणि मी उठले.

आबा पायरीवर उन्हात बसले होते. यंत्राचं नाव काढलं तर ते ऐकणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी त्यांना त्यांच्याच हिशोबातलं विचारलं. माझा आवाज कापत होता.

"आबा, पावणेचारची भरती झाली म्हणता. मग ते पाणी गेलं कुठं? आज खाडीत ते आलंच नाही."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाडीकडे पाहिलं. मी पुढे विचारलं, की पहाटे मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा, जोरात असली की पाणी हातभर कमी चढतं, असं तुम्हीच सांगता ना? मग आज तर मतलईच्या शंभरपट वारा होता.

 त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. चाळीस वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाला परात लागत नाही, बांगडी लागत नाही. त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला. त्यांनी बोट ओलं करून पश्चिमेकडे धरलं. वारा नव्हता. पण क्षितिजावर, निळ्या आकाशाच्या खाली, काळीकुट्ट भिंत उभी होती आणि ती जवळ येत होती.

आबा उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी चूक सांगितला. पानी गेला नाय, भायेर अडलाय. त्यांना बोलवा."

फोन दुपारपासूनच बंद होते. खाली धावत जाऊन सांगायचं, तर चाळीस पायऱ्या आणि मग गुडघाभर चिखल. निरोप पोचेपर्यंत निरोप्यासकट सगळे अडकले असते. भोंगा असता तर एका हाकेचं काम होतं. कोणीतरी ते बोललंही.

तेव्हा बायका पुढे आल्या. आमच्या गावच्या बायकांचा आवाज तुम्ही ऐकलेला नाही. रोज संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव होतो, आणि माझी आई तो पुकारते. समुद्राच्या गाजेवर तिचा आवाज या टोकापासून त्या टोकाला जातो. तीस-चाळीस बायका पायऱ्यांवर ओळीनं उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "परत याऽऽ! पानी येतंयऽऽ!"

खालच्या माणसांनी वर पाहिलं. बानं हात हलवला. त्याला वाटलं, घाई करा म्हणतायत. नाहीतर बायका उगाच घाबरल्या असं वाटलं असेल. तो पुन्हा होडीकडे वळला. होडी जवळपास सरळ झाली होती.

बायकांनी आणखी दोनदा हाक दिली. खाली पुन्हा कोणीतरी हात हलवला. पाणी आता त्यांच्या पोटऱ्यांपर्यंत आलं होतं, आणि तेच त्यांना हवं होतं, कारण पाण्यानं होडी हलकी होत होती. मी रडायला लागले होते. आईनं माझ्याकडे पाहिलं, एकदा आबांकडे पाहिलं, आणि मग ओळीच्या पुढे दोन पायऱ्या उतरून उभी राहिली.

आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेते तेवढंच. सासऱ्यांसमोर तर नाहीच नाही. लग्नाला पंधरा वर्षं झाली, आईनं बाला 'आवो' म्हटलं, 'हर्षूचे बापूस' म्हटलं, पण नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती.

"हिराजीऽऽऽ!"

बा थांबला. अंगावर कोणीतरी पाणी ओतावं तसा तो सरळ उभा राहिला आणि वळला. आईनं पुन्हा हाक मारली. तिच्या शेजारच्या काकीनं डोक्यावरचा पदर मागे टाकला आणि आपल्या नवऱ्याचं नाव घेतलं. मग तिसरीनं. सात नावं त्या शांत हवेतून खाडीभर गेली. नुसती सात नावं, दुसरं काही नाही.

खाली बानं होडीवरचा हात काढला. बायको असं नाव घेते म्हणजे काय झालं असेल, हे त्याला कळलं असावं. तो धावायला लागला आणि त्याच्यामागे सगळे.

चिखलात धावता येत नाही. पाय काढायचा, टाकायचा, पुन्हा काढायचा. मी मोजत होते, का ते माहीत नाही. दोनशेपर्यंत मोजलं तेव्हा ऊन गेलं. दोनशे चाळीसला पहिला वारा आला, आणि तो समुद्राकडून आला. खाडीच्या तोंडाशी एक तपकिरी पट्टी दिसली. मला वाटलं होतं, चित्रातल्यासारखी उंच लाट येईल. तसं काही झालं नाही. खाडी नुसती वर आली. भांड्यात दूध वर येतं तशी, थांबायचं नावच नाही. होड्या उचलल्या गेल्या, गरकन फिरल्या आणि एकमेकींवर आदळल्या. बाची होडी दोराला हिसका देऊन उलटी झाली.

सहा जण पायऱ्यांवर आले. बा मागे राहिला होता, कारण त्याचा पाय दोरात गुंतला होता. पाणी त्याच्या छातीला लागलं होतं. सहांतले दोघे उलटे फिरले, तिसऱ्या पायरीवर पाण्यात उतरले आणि त्यांनी त्याला काखेत धरून ओढलं. त्याला वर आणेपर्यंत दहाव्या पायरीवर पाणी होतं. आणि वारा असा होता, की माणसं पायऱ्या रांगत चढत होती.

दार लागलं. आतून आडणा पडला. मग पुन्हा ते ओरडणं सुरू झालं, या वेळी दुसऱ्या बाजूनं.

पुढचे अडीच तास मी कधी विसरणार नाही. खालून पाणी खांबांवर धडका मारत होतं आणि प्रत्येक धडकेला जमीन हलत होती. बा माझ्या शेजारी घोंगडी पांघरून बसला होता. त्याचे दात वाजत होते. पायाला दोरानं कापलं होतं. त्याचा हात माझ्या हातात होता आणि तो माझ्यापेक्षा गार होता. तोपर्यंत मला वाटायचं, बा कशाला घाबरत नाही.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "आता काय व्हनार, ता मना सांग."

मी सांगितलं. वारा असाच दोन तास राहील, मग मंदावेल. पाणी अजून चढेल, पण वादळ जमिनीवर गेलं की त्याला गरम समुद्राची वाफ मिळत नाही, मग ते उपाशी पडतं आणि मरतं. वारा पडला की त्यानं धरून ठेवलेलं पाणीही सुटेल. शिवाय चंद्राची ओहोटी लागलेली आहेच, ती या पाण्याला मागे ओढायला मदत करेल. चिंबोरी मधे मधे पाण्याचा आकडा सांगत होती, आणि मी तो मोठ्यानं सांगत होते. अठरावी पायरी. बावीस. पंचवीस. आजूबाजूचे लोक सरकत सरकत आमच्याजवळ आले. पोरंही ऐकत होती. मी घाबरलेलीच होते, माझा आवाज चिरकत होता, पण प्रत्येक आकड्यानंतर पुढचा आकडा कोणता येईल, याचा मी विचार करू शकत होते. नुसतं घाबरण्यापेक्षा ते बरं होतं.

एकोणतिसाव्या पायरीवर पाणी थांबलं. बराच वेळ थांबलं. मग चिंबोरी म्हणाली, अठ्ठावीस.

आमच्या तेवीस होड्यांतल्या चार उरल्या. बाची त्यांत नव्हती.  तिसऱ्या दिवशी तो दुसऱ्याच्या होडीच्या फळ्या ठोकायला गेला. माणूस एकही गेलं नाही.

पंधरा दिवसांनी पंचायतीची बैठक झाली. चिंबोरीचा भोंगा परत लावायचा ठराव कोणीतरी मांडला, आणि सगळ्यांनी हात वर केले. तेव्हा चिंबोरीनं बोलायची परवानगी मागितली. लोक जवळ सरकले, कारण तिचा आवाज अजून बारकाच होता. ती म्हणाली, की भोंगा द्या, पण त्यानं पुरतं काम होणार नाही. त्या दिवशी बायकांनी मोठ्यानं 'परत या' म्हटलं, ते खाली नीट ऐकू गेलं होतं. कोणी आलं नाही. नावानं हाक आली तेव्हा आले. इशारा ऐकू जाणं वेगळं आणि तो मानला जाणं वेगळं. म्हणून, ती म्हणाली, मला प्रत्येकासाठी एक आवाज द्या. ज्या आवाजानं तो माणूस हातातलं काम टाकून परत फिरेल, तो आवाज. मी तो जपून ठेवीन आणि वेळ आली की त्याच आवाजात हाक मारीन.

मग घरोघरी हाच विषय झाला. आपण कोणाच्या हाकेनं वळू? काही घरांत त्यावरून भांडणंही झाली. एका काकांनी बायकोऐवजी बहिणीचं नाव सांगितलं, आणि त्यांना आठवडाभर बिनमिठाची आमटी मिळाली. निवाऱ्यात रांग लागली. आई यंत्रासमोर उभी राहिली तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला, आणि बाला बाहेर जायला सांगितल्यावरच बाचं नाव घेतलं. तीनशे अकरा माणसांचे आवाज झाले. खाडीच्या वरच्या अंगाची दोन गावं येऊन बघून गेली, आणि आता तिथेही हे चालू आहे. पुढचं वादळ येणार आहेच. कधी ते माहीत नाही. पण त्या दिवशी वारा थांबला तर कोणी पायऱ्या उतरणार नाही, आणि उतरलंच तर त्याला हाक मारायची सोय आहे.

आबा सगळ्यात शेवटी आले. आजी जाऊन सहा वर्षं झाली. ते कोणाचं नाव सांगणार, याची सगळ्यांनाच उत्सुकता होती. त्यांनी काठी टेकली, माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "हिचा घे."

 मी यंत्रासमोर गेले. एवढी माणसं बघत होती. मी कशीबशी "आबा" अशी हाक मारली, आणि ती भलतीच कापरी आली. चिंबोरीनं विचारलं, की पुन्हा घेऊया का, या वेळी जरा ठाम आवाजात?

"नको," आबा म्हणाले. "असाच ठेव. ही घाबरली का मी थांबतो."